मुरूड-जंजिरा: किल्ल्याखेरीज काय पाहावे, आणि गाईडच्या गोष्टींतले किती खरे मानावे?

नीलरेघ:

नमस्कार. डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार धरून पुण्याहून मुरूडला जाण्याचे ठरत आहे. सोबत वडील आहेत, वय ७४, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि नववीतली मुलगी आहे, जिला इतिहासाची मनापासून आवड आहे, पण कोणीही काही सांगितले की "कशावरून?" असे विचारण्याची सवयही आहे.

मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या सहलीबरोबर जंजिरा पाहिला होता. गाईडने होडीत बसल्याबसल्या जे सांगायला सुरुवात केली ते धक्क्याला परत लागेपर्यंत संपले नाही, आणि त्यातले चारच मुद्दे आज डोक्यात उरले आहेत: किल्ल्यावर ५७२ तोफा होत्या, कलालबांगडी तोफ भर उन्हातही तापत नाही, किल्ल्यापासून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे, आणि दरवाजावरच्या वाघाने धरलेले सहा हत्ती म्हणजे सिद्दीने हरवलेल्या सहा राजवटी. हेच सारे मी मुलीला सांगितले, तर अर्ध्या तासात माझी पत जाईल.

म्हणून जाणकारांना विचारते. यातले काय टिकते आणि काय सोडून द्यावे? किल्ल्याची फेरी दोन-तीन तासांत संपते. उरलेल्या दीड दिवसात मुरूड गावात आणि आसपास पाहण्याजोगे काय आहे? आणि वडिलांना होडीत बसवणे कितपत शहाणपणाचे होईल?

जुनेदप्तर:

आपल्या चार मुद्द्यांकडे नंतर येतो, कारण माझ्या मते मूळ अडचण "अजिंक्य" या एका शब्दात आहे. गाईड तो शब्द इतक्या वेळा उच्चारतो की किल्ला का पडला नाही, एवढाच प्रश्न मनात राहतो. मुलीला वेगळा प्रश्न द्यावा: हाताच्या तळव्याएवढ्या या राज्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९४८ पर्यंत तग कसा धरला? मराठे, मोगल, पोर्तुगीज आणि इंग्रज या सर्वांच्या मधोमध राहून तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकणे, हे नुसत्या तटबंदीचे काम नव्हे.

सुरुवात नावापासूनच करावी. अरबीत बेटाला "जझीरा" म्हणतात. त्याचे आपल्या तोंडी जंजिरा झाले. परंपरा असे सांगते की या खडकावर आधी राम पाटील नावाच्या कोळी प्रमुखाचा लाकडी मेढेकोट होता आणि निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेषात येऊन, दारूची पिंपे रिकामी करवून, तो कपटाने घेतला. आजच्या दगडी किल्ल्याची सुरुवात साधारणपणे १५६७ ते १५७१ या काळातली, म्हणजे बुऱ्हाणखानाच्या वेळची मानली जाते. त्यानंतर किल्ला सिद्दींकडे आला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातून, मुख्यतः हबसाणातून (आजचा इथिओपिया), दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीत आलेले लोक. त्यांतले कित्येक गुलाम म्हणून आणले गेले आणि शौर्याच्या बळावर सरदार झाले.

राज्य टिकण्याची तीन कारणे मला महत्त्वाची वाटतात. पहिले म्हणजे सिद्दींनी धनी वेळेवर बदलला: निजामशाही बुडाल्यावर आदिलशाही, आणि १६७०-७१ पासून मोगल. त्या वर्षीची हकिगत तर मुलीला अवश्य सांगावी. शिवाजी महाराजांच्या वेढ्याने सिद्दी फत्तेखान टेकीस आला आणि किल्ला द्यायला निघाला, तेव्हा त्याच्याच तीन सहकाऱ्यांनी, म्हणजे संबूल, कासम आणि खैरियत यांनी, त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. पुढे १६७१ च्या होळीच्या रात्री कासमने किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. दुसरे कारण यातच दडलेले आहे. त्या काळात गादी सरसकट बापाकडून मुलाकडे जात नसे, तर सरदारांमधला कर्ता माणूस पुढे येई. त्यामुळे नालायक वारसाने राज्य बुडवण्याची वेळ बराच काळ आली नाही. तिसरे कारण पैसा. आरमार पोसण्यासाठी मोगल सुरतेच्या महसुलातून सिद्दींना रक्कम देत, आणि बादशाही आरमार म्हणून मिरवल्यामुळे मुंबईच्या इंग्रजांनाही ते मनात नसताना माझगावच्या बंदरात पावसाळ्यापुरता आसरा द्यावा लागे. हाच कासम पुढे याकूतखान झाला, आणि १६८९-९० मध्ये त्याने मुंबईत उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडून धरले. मुंबईचा इतिहास शिकवताना हे वर्ष सहसा गाळले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

मराठ्यांच्या बाजूने प्रयत्न कमी झाले नाहीत. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुरुवातीला तर किनारा आणि किल्ला यांमधली खाडी दगडांनी बुजवून सेतू बांधायला घेतला होता. मोगली फौज कोकणात उतरल्याने ते काम अर्धवट सोडावे लागले. चिमाजी अप्पांनी १७३६ च्या एप्रिलमध्ये सिद्दी सात याला रेवसजवळच्या लढाईत मारले आणि सिद्दींची मुख्य भूमीवरची ताकद मोडली, तरी बेट हाती आले नाही.

आता एक सुचवणी. किल्ल्यापेक्षाही शांतपणे इतिहास जिथे भेटतो ती जागा म्हणजे खोकरीचे घुमट. राजपुरीच्या वाटेवर, मुरूडपासून काही किलोमीटरवर, तीन दगडी कबरी आहेत: सिरुलखान, याकूतखान आणि खैरियतखान यांच्या. वर ज्यांची नावे घेतली त्यांतले दोघे तिथे शेजारी-शेजारी विसावले आहेत. सर्वांत मोठी इमारत सिरुलखानाची. तिच्या दगडी जाळीतून दुपारचे ऊन आत येते तेव्हा फरशीवर नक्षी उमटते. तिथे गर्दी नसते, गाईड नसतो, आणि गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे आपल्या वडिलांनाही त्रास होणार नाही.

वाडीतला:

ताई, मी मुरूडचाच. जुनेदप्तर यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी गावापुरते बोलतो.

आमच्या गावाला लोक "किल्ल्याचे गाव" म्हणतात, पण किल्ला राजपुरीसमोर आहे आणि मुरूड त्याच्या उत्तरेला, चारेक किलोमीटर अलीकडे. मुरूडचे स्वतःचे रूप घडले ते नवाबी काळात, संस्थानाचा कारभार या किनाऱ्यावरून चालू लागल्यावर. गावात शिरण्याआधी टेकडीवर दिसणारा नवाबांचा राजवाडा १८८५ च्या सुमाराचा आहे. तो खाजगी मालमत्ता आहे आणि आत जाता येत नाही. फाटकाशी हुज्जत घालणारे पर्यटक आम्ही दर सुट्टीत पाहतो. रस्त्यावरून पाहावा आणि पुढे निघावे. सिद्दी अहमदखान हे त्या काळचे नवाब, आणि त्यांच्या बेगम नाझली या मुंबईच्या सुशिक्षित फैजी घराण्यातल्या. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या अतिया फैजी यांच्या त्या बहीण. आपल्या मुलीला तोफांपेक्षा या बहिणींची माहिती अधिक भावेल, असा माझा अंदाज आहे. गारंबीचे धरणही नवाबी काळातलेच, झाडीत लपलेले. सकाळी तासभर जाण्यासारखे आहे.

संस्थान भारतात आले १९४८ मध्ये, आणि तेही नुसत्या कागदावर सही होऊन नव्हे. नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हसळा-श्रीवर्धन भागात मोठे आंदोलन उभे केले होते. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन मिळून हे संस्थान होते, हे लक्षात घेतले तर आजचे तीन तालुके एकाच सूत्रात दिसू लागतात.

आणि कृपा करून एखादी वाडी पाहा. वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. पोफळी इतक्या जवळ लावलेल्या असतात की भर दुपारी आत संध्याकाळ वाटते, आणि वर पाहिले तर झावळ्यांच्या फटीतून आभाळाचे तुकडे दिसतात. सध्याच्या दिवसांत अंगणात असोली, म्हणजे न सोललेली, सुपारी वाळत घातलेली असते. तिचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. पोफळीच्या झावळीबरोबर गळून पडणारी रुंद विरी असते. तिच्यावर एका मुलाला बसवायचे आणि दुसऱ्याने झावळी धरून ओढायचे, हे आमचे लहानपणचे वाहन. पण वाडीत ठिकठिकाणी मोकळे आकाशही दिसेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि एका दुपारीत पोफळी काडीसारख्या कमरेतून मोडल्या. आमच्या वाडीत वादळ गेल्यावर सर्वांत आधी जाणवला तो उजेड: जिथे आजोबांच्या वेळेपासून ऊन पडले नव्हते, तिथे पडले होते. नवीन रोप फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे ही बाग अजून पूर्ण सावरलेली नाही.

आता वडिलांबद्दल. राजपुरीच्या धक्क्यावर होडीत चढणे जमेल, पण किल्ल्याच्या दरवाजाशी होडी लाटेवर वर-खाली होत असते आणि नेमकी ती वर आल्यावर पायरीवर पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, पण शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला हा भरवसा पुरत नाही. उतरण्याची व्यवस्था बदलत असते, म्हणून धक्क्यावर आधी चौकशी करावीच. तरीही माझा सल्ला असा की त्यांनी आगरदांड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावरून किल्ला पाहावा. तिथून तो अख्खा दिसतो, जो किल्ल्यात गेलेल्यांना कधीच दिसत नाही. नंतर आगरदांडा-दिघी फेरीबोटीत गाडीसकट बसून खाडी पार करून परत यावे. बोटीत ते आरामात बसतील आणि समुद्रावर गेल्याचे समाधानही मिळेल.

खारावारा:

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर ताईंचे चार मुद्दे तसेच राहिले आहेत, म्हणून ते घेतो.

भुयाराला कसलाही पुरावा नाही. महाराष्ट्रात भुयार नसलेला किल्ला मला अजून कोणा गाईडने दाखवलेला नाही, एवढेच त्याविषयी पुरे. तोफांचा ५७२ हा आकडा सर्वत्र छापला जातो, पण आज किल्ल्यावर त्याच्या जवळपासही तोफा नाहीत. मुलीला दिसतील तेवढ्या मोजायला सांगावे, हा जास्त प्रामाणिक इतिहास होईल. कलालबांगडी तापत नाही असे मलाही सांगण्यात आले होते. मी मे महिन्यात दुपारी साडेबाराला तिच्यावर तळहात ठेवला आणि तितक्याच वेगाने उचलला. गाईड म्हणाला, "आज जरा जास्तच ऊन आहे." तिचा पल्ला बारा किलोमीटर असल्याचेही सांगतात, पण त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या तोफेकडून नेम धरून एक-दोन किलोमीटरच्या पलीकडे फारशी अपेक्षा ठेवता येत नसे.

हत्तींचे शिल्प मात्र नीट थांबून पाहण्यासारखे आहे. मुख्य दरवाजाजवळ एका श्वापदाने चार पंजांखाली चार हत्ती दाबले आहेत, एक तोंडात धरला आहे आणि एक शेपटीत गुंडाळला आहे. जुन्या शिल्पांत अशा प्राण्याला शरभ म्हणतात, आणि शरभ व हत्ती ही जोडी शिवनेरीसकट कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर सापडते. ते सामर्थ्याचे रूढ चिन्ह होते. सहा हत्तींना सहा राजवटींची नावे देणे ही नंतरची हौस आहे.

जुनेदप्तर यांनी लाय पाटलांना वगळले, हे मला पटले नाही. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील या सोनकोळ्याने रात्रीत किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेवर न आल्याने पहाटेपूर्वी त्या काढून घ्याव्या लागल्या, अशी ही हकिगत आहे. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला तेव्हा दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असे लाय पाटील म्हणाले. म्हणून त्यांना "पालखी" नावाचे गलबतच बांधून दिले गेले, असे सांगतात. या हकिगतीला परंपरेचा आधार आहे, समकालीन कागदाचा नाही, हे मान्य. तरी राम पाटलापासून लाय पाटलापर्यंत या किनाऱ्याच्या कथेत कोळी पहिल्या ओळीत आहेत, आणि गाईडच्या सांगण्यात ते दुय्यम होतात.

शक्य असल्यास पद्मदुर्ग पाहा. मुरूडच्या पुळणीवरून समोर दिसतो तोच; स्थानिक लोक त्याला कासा म्हणतात. जंजिरा घेता येत नाही हे पाहून महाराजांनी त्याच्या तोंडावर तो उभारला. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने तिथे रसद पोहोचवण्यात हयगय केली, तेव्हा महाराजांनी त्याला लिहिलेले खरमरीत पत्र उपलब्ध आहे; राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवली, असा त्या किल्ल्याचा हेतू त्यातून कळतो. मुलीच्या "कशावरून?" ला इतके थेट उत्तर जंजिऱ्यावर मिळणार नाही. तिथे आणखी एक गोष्ट जवळून पाहा. लाटांच्या खाऱ्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत खोल गेले आहेत, पण त्यांच्यामधला चुना तसाच उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. बोटाने दरजेवर टकटक करून पाहिले तर साडेतीनशे वर्षांचा चुना दगडासारखा वाजतो. मात्र तिथे जंजिऱ्यासारखी ठरलेली होडीसेवा नसते. एकदऱ्याच्या कोळीवाड्यात आधी बोलून ठेवावे लागते, आणि समुद्र शांत नसेल तर कोळी नाही म्हणतात. तेव्हा आग्रह करू नये.

जुनेदप्तर:

लाय पाटलांचा आक्षेप मान्य. मी कागदांच्या मागे लागून त्यांना सोडले, हे बरोबर नव्हते.

नीलरेघ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद मुलीला वाचायला दिले. तळहाताच्या प्रयोगावर ती बेहद्द खूश आहे आणि तो डिसेंबरमध्ये पुन्हा करून पाहणार आहे. वडिलांनी फेरीबोटीची कल्पना स्वतःहून उचलून धरली, कारण होडीत न बसण्याचा निर्णय त्यामुळे त्यांचा स्वतःचा ठरतो.

अजून दोन प्रश्न. आम्ही ताम्हिणी घाटातून उतरून माणगाव, इंदापूर, तळा असे येणार आहोत. वाटेत थांबण्याजोगे काही आहे का? आणि मुलीला समुद्रात उतरायचे आहे. आमचा शनिवार षष्ठीचा आहे आणि रविवार सप्तमीचा. भरती-ओहोटीचे काही ठोकताळे असतील तर सांगावेत.

जुनेदप्तर:

तळ्याकडून येत असाल तर कुडे लेणी चुकवू नका. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळच्या डोंगरात ही २६ बौद्ध लेणी आहेत, आणि सिद्दींच्या दीड हजार वर्षे आधीही ही खाडी गजबजलेली होती हे तिथे कळते. तिथल्या कोरीव लेखांमध्ये मांदव कुळातल्या महाभोजांची, म्हणजे स्थानिक सत्ताधीशांची, नावे येतात, पण मला त्याहून प्रिय आहेत ते साधे दाते: एक वैद्य, एक माळी, आणि थेट कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. घाटावरचा लोखंडवाला खाडीकाठच्या डोंगरात लेणे कोरण्यासाठी पैसे देतो, याचा अर्थ त्याचा माल या बंदरातून जात असला पाहिजे. हा तर्क मुलीने स्वतः काढला तर उत्तम, म्हणून तिला आधी सांगू नका. सहाव्या लेण्यापुढचे दगडी हत्ती तिला दरवाजावरच्या सहा हत्तींशी ताडून पाहता येतील.

वाडीतला:

भरतीचे गणित आमच्याकडे तोंडी चालते: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या आसपास भरती पूर्ण होईल आणि सकाळी साडेदहा-अकराला पाणी सर्वांत खाली असेल. सप्तमीला हेच पाऊण तासाने पुढे सरकेल. हा ठोकताळा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, म्हणजे चढ-उतार कमी. होडीच्या दृष्टीने आपले दिवस चांगले आहेत.

मात्र याच गणितात एक धोका आहे. शनिवारी सूर्यास्त पाहायला सगळे सहाच्या सुमारास पुळणीवर येतील आणि पाण्यात उतरतील, तेव्हा ओहोटी लागून तास-दीड तास झालेला असेल. आमची पुळण सपाट आहे, पाणी गुडघ्याएवढेच वाटते, आणि पायाखालची वाळू सरकते आहे हे नवख्याला उशिरा कळते. २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीला आलेले १४ विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले; त्या संध्याकाळी गावात चूल पेटली नव्हती. मुलीला शनिवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळात, पाणी चढत असताना, कमरेच्या खालच्या पाण्यात आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या नजरेसमोर खेळू द्या. सूर्यास्त कोरड्या वाळूवर बसून पाहा. त्या वेळी पद्मदुर्ग बरोबर समोर असतो.